सात नंबरची नळी

महिन्याचा दुसरा रविवार. एन्सडेलच्या वाळूच्या टेकाडांत
मी पाणी जोखायला जाते.
जमिनीत पुरलेल्या अकरा नळ्या, मनगटाएवढ्या,
तोंडावर टोपणं,
टोपणाखाली हमखास एखादी गोगलगाय.

फीत खाली सोडायची. टोकाला
पितळेचं पोकळ वजन, उपड्या पेल्यासारखं.
ते पाण्याला टेकलं की आवाज होतो: डुब्.
एवढाच. वारा असला तर तोही नाही.
मग गुडघे टेकून नळीला कान लावायचा,
आणि कुत्री फिरवायला आलेले लोक बघत राहतात,
ही बाई वाळूशी काय बोलतेय.

डुब्. एक मीटर बारा.
वहीत लिहायचं.

पाणी वाहतं, असं मला वाटायचं.
इथलं चालतं. दिवसाला चार बोटं, फार तर.
नोव्हेंबरचा पाऊस आधी गवताच्या मुळांशी रेंगाळतो,
मग कणाला बिलगत, कण सोडत उतरतो,
नाताळ उलटल्यावर कुठे खालच्या पाण्याला भेटतो.
ते पाणीही सपाट नसतं. मधे फुगलेलं,
निखाऱ्यावरच्या भाकरीसारखं,
आणि त्याला डोक्यावर घेऊन खाली
खारं पाणी. समुद्राचं. जड.
फारशी मिसळत नाहीत दोघं, इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही.

मग जानेवारीत एका सकाळी खळग्यात तळं असतं.
ओढा नाही, ओहोळ नाही,
ताप चढावा तसं आतूनच वर आलेलं.
बुटक्या विलोच्या फांद्या घोटाभर पाण्यात.
एप्रिलमध्ये भेक येतात, रात्रभर ओरडतात,
आणि पिल्लांना पाय फुटेपर्यंत ते टिकलं तर टिकलं.

वही माझ्याआधी विनिफ्रेड रिमरची.
एकतीस वर्षं, शिसपेन्सिल, तिरपं अक्षर.
“चार: ऐंशी सेंटीमीटर. चंडोल.”
“नऊ: टोपण चोरीला.”
“सात: कोरडी. बूट भिजले नाहीत, वाईट वाटलं.”
“सात: कोरडी.”
“सात: कोरडी.”

सातच्या मागे पाइनचं रान आहे,
वाळू हलू नये म्हणून कधीतरी कुणी लावलेलं.
आमच्यात म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि म्हणताना आवाज खाली नेतात, भुवई वर.
मी ते शब्दशः वॉर्डन हॅलसॉलला सांगितलं.
तो रानाकडे बघत म्हणाला,
मुरत नाही. पितात.

येरळेच्या पात्रात मावशी झिरा उकरायची.
हातभर खणलं की हात काढून घ्यायची, बसायची.
मी विचारायचे, आता?
ती म्हणायची, आता काही नाही.
वाळूच्या कडेतून घाम फुटल्यासारखं पाणी यायचं,
पहिली वाटी गढूळ, ती ओतून द्यायची.
घाई केलीस तर कड ढासळेल, म्हणायची.
दुसरी वाटीही तिनं कधी मला दिली नाही.
तिसरी.

विनिफ्रेड आता बर्कडेलच्या वृद्धाश्रमात असते.
माझं नाव तिला सापडत नाही. मला बघून म्हणते, “सात?”
“कोरडी,” मी सांगते.
ती मान हलवते, समाधानानं,
खूप दिवसांनी कुणीतरी घरचं बोलल्यासारखी.

परवा बसमध्ये पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला.
चार बोटं गुणिले दिवस गुणिले एकतीस.
उत्तर आलं साडेआठशे मीटर,
सातपासून किनाऱ्यापर्यंत आहे तेवढंच, थोडंफार इकडेतिकडे.
म्हणजे तिनं पहिल्यांदा टोपण उघडलं
त्या हिवाळ्यातला पाऊस, पाइनांच्या तावडीतून सुटला असेल तर,
आता पोचत असेल.

ओहोटीला गेले. शेवटच्या टेकाडाच्या पायथ्याशी
वाळू काळसर, ओली, भरती चढत नाही इतकी वर.
बोटानं खळगा केला. बसले.
बोट चाटलं.
अळणी.

वहीत याला रकाना नाही.
अकराच्या खाली थोडी जागा होती, तिथे
तारीख घातली, आणि पुढे काय लिहावं कळेना.